गुपिताची किंमत : ‘गुमराह’ (१९६३) या चित्रपटातील विवाहबाह्य संबंध, ब्लॅकमेल आणि कायदा

सारांश

बी. आर. चोप्रा दिग्दर्शित ‘गुमराह’ हा १९६३ मधील हिंदी चित्रपट विवाहबाह्य संबंध आणि त्यातून उद्भवणारे ब्लॅकमेल या कथासूत्रावर उभा आहे. ब्लॅकमेलची यंत्रणा कशी चालते, भीतीचे मूळ कायद्यात आहे की कुटुंबव्यवस्थेत, आणि २०१८ नंतर बदललेल्या कायदेशीर स्थितीत या चित्रपटाचे वाचन कसे करावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रस्तावना

‘ब्लॅकमेल’ या कृतीसाठी मराठीत स्वतंत्र असा रूढ शब्द नाही. ‘खंडणी’ हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. खंडणी मागणाऱ्याची ताकद उघड असते. त्याच्यामागे फौज असते, टोळी असते, निदान हातात शस्त्र तरी असते. ब्लॅकमेल करणाऱ्याजवळ यातले काहीही नसले तरी चालते. त्याच्याजवळ केवळ एक माहिती असते आणि तिची किंमत देणाऱ्याच्या भीतीवरून ठरते. ज्या गोष्टीची समोरच्याला भीती वाटत नाही, तिच्या आधारे कोणीही पैसे उकळू शकत नाही. म्हणून एखाद्या समाजात कोणत्या गुपितावर ब्लॅकमेल होते हे पाहिले, की तो समाज कशाला घाबरतो हे कळते. रहस्यपटाचा अभ्यास समाजशास्त्र, विधी आणि साहित्य या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरतो, तो याच कारणाने.

पेण येथे द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर ‘गुमराह’ची कथा सांगत असताना प्रस्तुत लेखकाला एका विद्यार्थ्याने विचारले होते, “सर, तिने नवऱ्याला सरळ सांगून का टाकले नाही?” उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, “सांगून जायचे कुठे?” प्रश्न आणि उत्तर मिळून अवघे अकरा शब्द होतात, परंतु चित्रपटाचा सगळा पेच त्यात सामावलेला आहे. या लेखाची मांडणी त्या उत्तराचा अर्थ लावण्याच्या प्रयत्नातून झाली आहे.

कथासूत्र

नैनिताल येथील एका सधन घरातील कमला (निरूपा रॉय) आणि मीना (माला सिन्हा) या दोन बहिणी. कमलाचे पती अशोक (अशोक कुमार) मुंबईत बॅरिस्टर आहेत. मीनाचे राजेंद्र (सुनील दत्त) या कलावंतावर प्रेम आहे आणि ते कमलाला ठाऊक होते. दोघांच्या विवाहाची बोलणी पुढे जाण्याआधीच कमलाचा कड्यावरून पडून मृत्यू होतो. आईवेगळ्या झालेल्या भाचरांसाठी मीना आपले प्रेम बाजूला ठेवते आणि वयाने मोठ्या असलेल्या मेहुण्याशी विवाह करून मुंबईला येते. पुढे राजेंद्रची पुन्हा गाठ पडते, भेटी वाढतात आणि मीना दुहेरी आयुष्य जगू लागते. अशा वेळी लीला (शशिकला) नावाची स्त्री तिच्यासमोर उभी राहते. आपण राजेंद्रची पत्नी आहोत असे सांगून ती मीनाकडून पैसे उकळू लागते. मागण्या वाढत जातात आणि मीनाचे घरातले उठणे-बसणेही भीतीने व्यापले जाते. शेवटी उलगडा होतो तो असा, की लीला ही अशोकचीच सचिव असून हा सगळा प्रकार पतीनेच घडवून आणलेला होता. अशोक पत्नीला निवडीची मोकळीक देतो आणि मीना राजेंद्रकडे न जाता घरातच राहते.

चित्रपटाच्या आरंभी सीता आणि लक्ष्मणरेषा यांचा प्रसंग योजलेला आहे. स्त्रीने रेषा ओलांडली की अनर्थ होतो, हे सूत्र दिग्दर्शक पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाच्या हाती देतो. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषेचा प्रसंग नाही. तो नंतरच्या रामकथांतून लोकमानसात रुजला. म्हणजे ही रेषादेखील परंपरेने मागाहून ओढलेली आहे, आणि ती ओढणारा, तिच्यावर लक्ष ठेवणारा व ओलांडल्याचा हिशेब मागणारा पुरुषच आहे. ‘गुमराह’मध्ये अशोक नेमके हेच करतो.

कालसंदर्भ

‘गुमराह’ ज्या वर्षी प्रदर्शित झाला, त्याच १९६३ साली आर. के. नय्यर दिग्दर्शित ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा चित्रपटही आला. त्याच्यामागे मुंबईतील नानावटी खटल्याची पार्श्वभूमी होती. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचे ज्याच्याशी संबंध होते त्या प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरवले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने तो कौल अमान्य करून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकर यांच्या ‘अपराध मीच केला’ या नाटकामागेही हेच प्रकरण होते.

या दोन चित्रपटांतील पात्रयोजना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सुनील दत्त एका चित्रपटात फसवला गेलेला पती आहेत, तर दुसऱ्यात प्रियकर. अशोक कुमार दोन्हीकडे वकील आहेत. शशिकला दोन्ही चित्रपटांत आहेत आणि दोहोंचे संगीत रवी यांचे आहे. नानावटी प्रकरणात पतीने पिस्तूल उचलले. ‘गुमराह’मधील पती पिस्तूल उचलत नाही, तो पाळत ठेवतो आणि भीती योजतो. तत्कालीन प्रेक्षकाला हा दुसरा मार्ग सुसंस्कृत, संयमी आणि क्षमाशील वाटला असणार, कारण पहिल्या मार्गाचा रक्तपात त्याच्या स्मरणात ताजा होता. बॅरिस्टर अशोकच्या संयमाचे मोल त्या तुलनेतून वाढते. ती तुलना बाजूला ठेवली तर मात्र त्या संयमाचे स्वरूप वेगळे दिसू लागते.

ब्लॅकमेल करणारी व्यक्तिरेखा आणि शशिकला

लीलाची भूमिका करणाऱ्या शशिकला यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापूर येथे, जवळकर कुटुंबात झाला. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंब मुंबईला आले आणि नूरजहाँ यांच्या ‘जीनत’ (१९४५) या चित्रपटातील कव्वालीतून त्यांचा चित्रसृष्टीत प्रवेश झाला. ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ या दोन चित्रपटांसाठी त्यांना लागोपाठ सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला आणि ४ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले.

हिंदी चित्रपटातील ‘वाईट बाई’चा साचा घडवणाऱ्या अभिनेत्रींत शशिकला यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. तथापि ‘गुमराह’मधील लीला त्या साच्यात पूर्णपणे बसत नाही. जवळजवळ सर्व वेळ प्रेक्षक तिचा द्वेष करतो. अखेरीस कळते की ती पगारावर काम करणारी नोकरदार स्त्री होती आणि हा छळ तिला सोपवलेले काम होते. द्वेषाचा धनी मग कोणाला करावे, हा प्रश्न निर्माण होतो. चित्रपट त्याचे उत्तर देण्याचे टाळतो. लीला कथेतून बाजूला होते, आणि जिच्या तोंडून धमक्या वदवल्या गेल्या तिच्या वाट्याला प्रेक्षकाचा राग तेवढा उरतो. योजना करणारा मात्र क्षमाशील पती म्हणून उजळून निघतो.

एकच कथा, दोन दर्शने

रहस्यकथेत उत्कंठा आणि धक्का हे दोन वेगळे परिणाम असतात. प्रेक्षकाला संकट आधी ठाऊक असेल आणि पात्राला नसेल, तर उत्कंठा निर्माण होते. दोघांनाही ठाऊक नसेल, तर उलगड्याच्या क्षणी धक्का बसतो. ‘गुमराह’ धक्क्यावर आधारलेला आहे. लीला कोण हे प्रेक्षकालाही ठाऊक नसते, त्यामुळे मीनाची भीती ही प्रेक्षकाची भीती होते.

परंतु शेवट ठाऊक झाल्यावर हाच चित्रपट पुन्हा पाहिला, तर तो निराळाच चित्रपट होतो. आता पडद्यावर दोन व्यक्ती दिसतात : घाबरलेली पत्नी आणि तिच्या घाबरण्याचे निरीक्षण करणारा पती. जेवणाच्या टेबलावरील साधे प्रश्न, घरी उशिरा येण्याविषयीची सौम्य चौकशी, दिलेल्या पैशांबाबतचे मौन या सर्वांना चौकशीचे स्वरूप येते. पहिल्या वेळी जो प्रेमळपणा वाटला, तो दुसऱ्या वेळी उलटतपासणी वाटतो. वर्गात या चित्रपटाचा उपयोग करावयाचा असल्यास शेवट आधी सांगून मगच निवडक प्रसंग दाखवावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जागतिक साहित्यात या कथासूत्राचे एक लक्षणीय साम्य आढळते. ऑस्ट्रियन लेखक स्टेफान झ्वाइग यांच्या ‘आंग्स्ट’ (भीती) या दीर्घकथेत व्हिएन्नातील एका वकिलाच्या पत्नीचे तरुण पियानोवादकाशी संबंध असतात. एक अनोळखी स्त्री तिला गाठून पैसे उकळू लागते आणि अखेरीस ती पतीनेच नेमलेली अभिनेत्री निघते. याच कथेवर रोबेर्तो रोसेलिनी यांनी १९५४ मध्ये इन्ग्रिड बर्गमन यांना घेऊन चित्रपट केला. झ्वाइग यांची नायिका भीतीपोटी आत्महत्येच्या उंबरठ्यावर पोहोचते. शिक्षेपेक्षा शिक्षेची वाट पाहणे अधिक असह्य असते, हे त्या कथेचे मर्म आहे. हिंदी चित्रपटाने या रचनेला भाचरांचे कर्तव्य आणि लक्ष्मणरेषा यांची जोड दिली, त्यामुळे भीतीच्या अनुभवापेक्षा मर्यादेचा उपदेश ठळक झाला. २००५ मध्ये धर्मेश दर्शन यांनी अनिल कपूर, करीना कपूर आणि अक्षय कुमार यांना घेऊन केलेल्या ‘बेवफा’मध्ये हेच सूत्र पुन्हा वापरले गेले. चार दशकांनंतरही ते कालबाह्य वाटले नाही, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

मीना नेमकी कशाला घाबरते?

आता कायद्याकडे वळू. १९६३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ लागू होते. त्यानुसार विवाहित स्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून शरीरसंबंध ठेवणारा पुरुष व्यभिचाराचा गुन्हेगार ठरे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शके. त्या स्त्रीला मात्र या कलमाखाली शिक्षा नव्हती. गुन्ह्यास साहाय्य करणारी म्हणूनही तिला शिक्षा करता येत नसे. तक्रार करण्याचा अधिकार मुख्यतः पतीला होता. मुंबईतून उद्भवलेल्या युसुफ अब्दुल अझीझ विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हे कलम वैध ठरवले होते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. राजेंद्रशी झालेल्या भेटींसाठी मीनाला तुरुंगाचे भय नव्हतेच. घटस्फोटाचे भयदेखील कायद्याच्या अंगाने मर्यादित होते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या मूळ तरतुदीनुसार ‘व्यभिचारी जीवन जगत असणे’ हे घटस्फोटाचे कारण होते. एखाद्या प्रसंगावरून घटस्फोट मागण्याची सोय १९७६ च्या दुरुस्तीने झाली. बॅरिस्टर असलेल्या अशोकला हे सर्व ठाऊक असणारच. तरीही मीना घाबरते, कारण तिची भीती दंड संहितेतून आलेली नाही. बहिणीच्या मुलांचा विश्वास, माहेरची प्रतिष्ठा, स्वतःच्या नावावर एकही मिळकत नसणे आणि या घराबाहेर दुसरे घर नसणे, या तिच्या भीतीच्या खऱ्या बाजू आहेत. ‘सांगून जायचे कुठे?’ या प्रश्नाचा अर्थ हाच. लीलाला देण्यासाठी मीना जे पैसे वापरते, तेही पतीचेच असतात. म्हणजे गुपित विकत घेण्याइतकीही स्वतंत्र ऐपत तिच्याजवळ नाही.

दुसरी बाजू गुन्ह्याची. धाकाने मालमत्ता देण्यास भाग पाडणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३८३ व ३८४ खाली गुन्हा होता. उघड होणारी गोष्ट खरी आहे, एवढ्याने पैशाची मागणी कायदेशीर ठरत नाही. लीला खरोखरच परकी असती तर ती तुरुंगात जाऊ शकली असती. परंतु पैसा पतीचा, योजना पतीची, आणि पत्नीला ‘मार्गावर आणणे’ हा हेतू. त्यामुळे अप्रामाणिक लाभाचा हेतू नव्हता असा युक्तिवाद करण्यास वाव राहतो. या फटीतून कथेतील पती निसटतो. कायद्याने ज्या कृतीला नाव दिले नाही, तिला चित्रपटाने ‘क्षमा’ हे नाव दिले.

२०१८ नंतरचे वाचन

२७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन विरुद्ध भारतीय संघराज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम ४९७ एकमताने रद्द केले. पत्नी ही पतीची मालमत्ता आहे या गृहीतकावर ते कलम उभे असल्याचे न्यायालयाने नमूद केले. महाराष्ट्राच्या दृष्टीने यातील एक योगायोग उल्लेखनीय आहे. १९८५ मध्ये सौमित्री विष्णू प्रकरणात हे कलम वैध ठरवणारा निकाल सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिला होता. २०१८ च्या घटनापीठात त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते आणि त्यांनी ती भूमिका नाकारली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्यभिचाराचे कलम नाही. घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र व्यभिचार दिवाणी कायद्यात कायम आहे. याउलट धाकाने पैसे उकळण्याच्या गुन्ह्याची शिक्षा वाढली आहे : पूर्वी ती तीन वर्षांपर्यंत होती, न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली ती सात वर्षांपर्यंत आहे.

सारांश असा की, गुपित बाळगणे आज गुन्हा नाही आणि गुपित विकणे हा पूर्वीपेक्षा गंभीर गुन्हा आहे. तरीही ब्लॅकमेल थांबलेले नाही. कारण वर पाहिल्याप्रमाणे भीतीचा दर कायदा ठरवीत नव्हताच. किंबहुना भ्रमणध्वनीच्या काळात ब्लॅकमेलचे साधन अधिक स्वस्त झाले आहे. लीलाला मीनाच्या समोर येऊन उभे राहावे लागत असे. आज छायाचित्र किंवा संभाषणाची प्रत बाळगणारा समोर येत नाही, आणि एकदा पैसे दिल्याने प्रत नष्ट होत नाही.

पेण–रोह्यासारख्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ‘गुमराह’मधील मुंबई मीनाला काही काळ तरी अनोळखीपणाचा आडोसा देते. तालुक्याच्या गावी तो आडोसा नसतो. बाजारपेठेत, एस.टी. स्थानकावर, गणेशमूर्तींच्या कारखान्यात काम करणारी माणसे एकमेकांना आडनावाने आणि आळीने ओळखतात. येथे एखादी गोष्ट ‘घरी सांगेन’ एवढी धमकी पुरेशी होते. ती विवाहितांपुरती राहत नाही. महाविद्यालयीन मुलामुलींच्या साध्या मैत्रीलाही लागू पडते. अध्यापकाने हे लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण घाबरलेला विद्यार्थी पोलीस ठाण्यात जाण्याआधी, आणि पुष्कळदा घरी बोलण्याआधी, वर्गातल्या वागण्यातून काहीतरी सांगत असतो. गैरहजेरी वाढते, शुल्काचे पैसे ‘हरवतात’, भ्रमणध्वनी वाजला की चेहरा उतरतो. अशा वेळी ‘तू असे केलेसच का?’ हा प्रश्न विचारणारा अध्यापक नकळत ब्लॅकमेल करणाऱ्याचे काम सोपे करतो. पैसे न देणे, संदेश न पुसता जपून ठेवणे, १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाची व पोलीस तक्रारीची माहिती देणे, आणि विद्यार्थ्याच्या संमतीवाचून घरी न कळवणे, एवढ्या चार गोष्टी पाळल्या तरी भीतीचा दर खाली येतो. अर्थात विद्यार्थी अल्पवयीन असल्यास किंवा जिवाला धोका दिसल्यास कायद्याने घातलेली जबाबदारी प्रथम पार पाडली पाहिजे.

समारोप

‘गुमराह’ हा त्याच्या काळाच्या मानाने धीट चित्रपट होता. विवाहित नायिकेच्या मनात दुसऱ्या पुरुषाविषयी प्रेम असू शकते हे त्याने मान्य केले आणि तिला मृत्युदंड न देता कथेच्या शेवटापर्यंत जिवंत ठेवले. साहिर लुधियानवी यांच्या गीतांनी त्या प्रेमाला सन्मानाचा स्वर दिला. त्यातील एका गीतासाठी महेंद्र कपूर यांना फिल्मफेअर पारितोषिकही मिळाले. हे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु पत्नीला परत मिळवण्यासाठी तिला भीतीत ठेवणे योग्य आहे काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही. मीना शेवटी घरात राहते ती प्रेमामुळे की भीती संपल्याच्या सुटकेमुळे, हे ओळखण्याचे साधन प्रेक्षकाजवळ नाही आणि बहुधा मीनाजवळही नाही. ज्या निवडीच्या आधी इतके भय घातले गेले, तिला मोकळी निवड म्हणणे कठीण आहे.

वर्गातील त्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. सांगून जाण्याजोगी जागा ज्या घरात, महाविद्यालयात आणि गावात असते, तेथे गुपिताला किंमत येत नाही. कायद्याने २०१८ मध्ये आपल्या वाट्याचे काम केले आहे. जागा निर्माण करण्याचे काम उरले आहे, आणि ते न्यायालयाला करता येण्यासारखे नाही.